वाढ जाते कुठे?

‘रेल्वेच्या दोन रुळांमध्ये फट का ठेवतात?’ हा प्रश्न शाळेच्या विज्ञानाच्या पेपरात पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावतं, त्याला वाढायला जागा हवी, म्हणून फट. हे उत्तर चूक नाही. आपल्याकडे जुन्या मार्गांवर १३ मीटरचे रूळ फिशप्लेटी लावून जोडलेले असत. तापमान ४० अंशांनी चढलं की असा एक रूळ सुमारे सहा मिलिमीटर लांबतो. तेवढी जागा सोडलेली असे आणि चाक त्या जागेवरून जाताना खटका वाजे. आगगाडीच्या प्रवासाचा तो ठेका अनेकांच्या कानात अजून असेल.

आज मुख्य मार्गांवरून जाताना तो ठेका जवळजवळ ऐकूच येत नाही, कारण फट राहिलेली नाही. रूळ एकमेकांना वितळजोड देऊन किलोमीटरच्या किलोमीटर सलग केलेले असतात. विदर्भातला मे महिना आहे तसाच आहे आणि पोलादही तेच आहे. भर दुपारी रुळाचं तापमान हवेपेक्षा १५-२० अंशांनी जास्त असतं, म्हणजे ४५ अंशांच्या दिवशी ते ६० च्या पुढे सहज जातं. एक किलोमीटरचा मोकळा रूळ २५ अंशांनी तापला तर ३० सेंटीमीटर लांबेल. मग ही वाढ जाते कुठे? शाळेतलं उत्तर इथे अपुरं पडतं, आणि माझ्या मते प्रसरणाचा खरा अभ्यास इथूनच सुरू होतो.

आधी वाढ होते किती आणि का, ते पाहू. एक मीटर लांबीच्या पट्ट्या घेऊन प्रत्येक १०० अंशांनी तापवली, तर ॲल्युमिनियम २.३ मिलिमीटर, पितळ १.९, तांबं १.७, लोखंड किंवा पोलाद १.२ आणि साधी काच ०.९ मिलिमीटर वाढते. प्रयोगशाळेत वापरतात ती बोरोसिलिकेट काच जेमतेम ०.३३ मिलिमीटर. आकडे किरकोळ दिसतात. डोळ्यांनी पाहून कुणालाही पट्टी वाढली असं वाटणार नाही. पण लांबी वाढली की वाढही त्या प्रमाणात वाढते आणि तापमान चढलं की पुन्हा त्या प्रमाणात. म्हणून पट्टीत न दिसणारी गोष्ट पुलात दिसते.

‘तापलं की अणू जोरात थरथरतात, म्हणून पदार्थ फुगतो,’ असं स्पष्टीकरण बहुतेक पुस्तकांत असतं. ते अर्धंच आहे. अणू आपल्या जागेभोवती कितीही जोरात हलला, पण दोन्ही बाजूंना सारखाच गेला, तर त्याची सरासरी जागा बदलणार नाही आणि पदार्थ मुळीच वाढणार नाही. प्रसरण होतं ते हे हलणं एकसारखं नसतं म्हणून. लोखंडात शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर एका सेंटीमीटरच्या सुमारे चार कोटींव्या भागाएवढं असतं. ते अंतर कमी करू गेलं तर अणू एकमेकांना फार जोराने दूर लोटतात, आणि वाढवू गेलं तर ओढून धरतात. पण ही ओढ त्या लोटण्याच्या मानाने नरम असते आणि अंतर वाढत गेलं की ढिली पडत जाते. त्यामुळे प्रत्येक हेलकाव्यात अणू आतल्या बाजूला कमी जातो आणि बाहेरच्या बाजूला जास्त. हेलकावे मोठे झाले की दोघांमधलं सरासरी अंतर थोडं वाढतं. कोट्यवधी अणूंच्या रांगेत ही बारीक वाढ साठत जाते आणि रूळ लांबतो.

यातून आणखी एक गोष्ट उलगडते. ज्या पदार्थात अणूंची पकड सैल, तो लवकर वितळतोही आणि जास्त प्रसरणही पावतो. ३२७ अंशांवर वितळणारं शिसं टंगस्टनच्या जवळजवळ सहापट वाढतं, आणि टंगस्टन वितळायला ३४०० अंशांहून अधिक तापमान लागतं. वरवर वेगळे वाटणारे हे दोन गुण एकाच पकडीचे आहेत.

आता एक गैरसमज. मधे भोक असलेली लोखंडी पट्टी तापवली तर भोक मोठं होईल की लहान? लहान, असं पुष्कळ जण सांगतात, कारण धातू ‘आतही’ फुगेल असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात भोक मोठं होतं. फोटो मोठा करून छापला की त्यातल्या खिडक्याही मोठ्या होतात, तसंच हे. प्रत्येक दोन अणूंमधलं अंतर सारख्या प्रमाणात वाढतं, त्यात भोकाच्या काठावरचे अणूही आले; काठ लांबला की घेर वाढणारच.

हे कुणी न शिकवता आपल्या गावांतल्या लोहार-सुतारांना पक्कं माहीत होतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्याची रीत म्हणजे प्रसरणाचं काटेकोर गणित आहे. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान करतात. ती जमिनीवर ठेवून भोवती गोवऱ्या रचतात आणि पेटवतात. दीड मीटर व्यासाच्या चाकाची धाव घेराला साधारण पावणेपाच मीटर भरते. ती सहाशे अंशांनी तापली की तिचा घेर तीन सेंटीमीटरहून अधिक वाढतो आणि व्यास सेंटीमीटरभर. मग तीन-चार माणसं सांडशींनी लाल धाव उचलतात, चाकावर बसवतात, घणाने ठोकून सरळ करतात आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो. धाव आखडते आणि आरे, तुंबा, घेराचे लाकडी तुकडे सगळे एकमेकांत घट्ट आवळले जातात. एकही खिळा न मारता चाक वर्षानुवर्षं टिकतं.

या कामात लहानपणा किती ठेवायचा, हा खरा हिशेब. फारच लहान केली तर धाव चढणार नाही किंवा चढली तरी लाकडाचे सांधे चिरडेल. पुरेशी लहान नसेल तर उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसलं की सुटेल. म्हणूनच चैत्र-वैशाखात गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करून चाकं भिजवत. लाकूड पाण्याने फुगतं, लोखंड उष्णतेने. दोन वेगळ्या फुगण्यांचा मेळ घालणारी ही कारागिरी मला कुठल्याही यंत्रशाळेच्या तोडीची वाटते. आणि यंत्रशाळा तरी वेगळं काय करतात? रेल्वेच्या जुन्या चाकांवरचं पोलादी कडं असंच तापवून चढवत. कारखान्यात बेअरिंग शाफ्टवर बसवताना ते ठोकत नाहीत, तापवून सरकवतात आणि निवू देतात.

धावेने लाकूड आवळलं जातं, याचा अर्थ लोखंडाला आखडायचं होतं आणि चाकाने ते आखडू दिलं नाही. पदार्थाला वाढू किंवा आखडू दिलं नाही की त्या हालचालीचं बळ होतं. सलग रुळांच्या कोड्याचं उत्तर हेच आहे: रूळ वाढत नाही, कारण त्याला वाढू दिलं जात नाही. जी लांबी वाढायची, तिच्याऐवजी रुळाच्या आत दाब तयार होतो.

हा दाब किती, ते मोजता येतं. पोलाद पूर्ण अडवून धरलं, तर दर अंशाला प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे २.४ न्यूटन बळ उभं राहतं. भारतीय रेल्वेचा ६० किलोचा, म्हणजे मीटरला ६० किलो वजन भरणारा रूळ घ्या. त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण ७७ चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर अंशाला एका रुळात जवळजवळ १.९ टन रेटा. पंचवीस अंश चढले की सत्तेचाळीस टन, आणि दोन्ही रुळांत मिळून नव्वदहून अधिक. या हिशेबात लांबी कुठेच येत नाही, ही त्यातली खरी गंमत. एक किलोमीटरचा रूळ असो की पन्नास किलोमीटरचा, अडवला की आतला दाब तेवढाच. लांब रुळाला जास्त वाढायचं असतं खरं, पण ती वाढ जास्त लांबीवर वाटली जाते. दर मीटरचा वाटा बदलत नाही. म्हणूनच रूळ सलग करताना लांबीची भीती बाळगायचं कारण उरलं नाही.

हे बळ धरून ठेवतं कोण? रुळाला स्लीपरशी घट्ट पकडणाऱ्या पोलादी क्लिपा, अडीचशे किलोंहून जड काँक्रीटचे स्लीपर आणि त्यांच्या भोवती दाबून भरलेली खडी. खडीकडे प्रवासी म्हणून आपण कधी लक्ष देत नाही. पण तापलेला रूळ जागेवर राहतो तो मुख्यतः तिच्यामुळे. सलग रुळाच्या दोन्ही टोकांना सुमारे शंभर-शंभर मीटरचा भाग थोडा सरकतो, कारण टोकाशी अडवणारं काही नसतं आणि जसजसं आत जावं तसतशी खडीची पकड साठत जाते. तिथे सरकता सांधा बसवलेला असतो. मधला सगळा पट्टा मात्र उन्हाळा-हिवाळ्यात जागचा हलत नाही.

आता प्रश्न येतो की रूळ कोणत्या तापमानाला जखडायचा. थंडीत जखडला तर उन्हाळ्यातला दाब प्रचंड होईल आणि रूळ नागमोडी वळेल. भर उन्हात जखडला तर हिवाळ्याच्या पहाटे तो आतून इतका ताणला जाईल की तुटेल. म्हणून त्या भागातल्या रुळाच्या तापमानाचा मध्य काढतात आणि त्याहून थोड्या वरच्या तापमानाला रूळ ताणमुक्त करतात. थोडं वरच का? कारण वाकलेला रूळ तुटलेल्या रुळापेक्षा जास्त घातक. तडा गेला तर फट लहान असते आणि बहुतेक वेळा सिग्नलच्या विद्युतमंडलात ती पकडली जाते. रूळ बाजूला वाकला की चाकांना वाटच राहत नाही.

ताणमुक्तीचं काम पाहण्यासारखं असतं. ठरलेल्या लांबीवरच्या सगळ्या क्लिपा काढतात, रूळ उचलून त्याखाली रोलर ठेवतात आणि लाकडी हातोड्यांनी बाजूने ठोकत जातात, म्हणजे घर्षणाने अडकलेला ताणही सुटावा. तापमापक रुळालाच लावलेला असतो. हवं ते तापमान नसेल तर रूळ हायड्रॉलिक यंत्राने ओढून नेमका तेवढाच लांब करतात, जेवढा तो त्या तापमानाला झाला असता, आणि मग जोड देऊन पुन्हा जखडतात. थोडक्यात, ऊन नसताना उन्हातली लांबी रुळाला दिली जाते. उन्हाळ्याच्या दुपारी रुळांवरून पायी गस्त घालणारे ट्रॅकमन याच दाबावर नजर ठेवून असतात. आपला सुखाचा, खटक्याविना प्रवास त्यांच्या त्या चालण्यावर उभा आहे, आणि त्याची जाणीव आपल्याला फार कमी असते.

त्याच मार्गावर, डोक्यावर मात्र अगदी उलटी नीती दिसते. विजेच्या गाडीची तार तांब्याची. ती सैल पडली तर तिला टेकून वीज घेणारा गाडीच्या छतावरचा पँटोग्राफ अडकेल, फार ताणली तर तुटेल. म्हणून इथे अडवणूक नाही, मोकळीक आहे. साधारण दीड किलोमीटरचा एकेक पल्ला मधोमध बांधतात आणि दोन्ही टोकं कप्पीवरून घेऊन त्यांना वजनांची चळत टांगतात. पाऊणेक किलोमीटर तांबं ४० अंशांनी तापलं की अर्धा मीटर लांबतं. तार लांबली की कप्पीवरून वजनं खाली उतरतात, थंडीत वर चढतात, आणि तारेतला ताण बारा महिने सारखा राहतो. मुंबईच्या लोकलमधून जाताना काही खांबांना लोंबणारी ही गोल वजनं सहज दिसतात.

पदार्थ मोडतो तो नुसता वाढल्याने नव्हे. अडवल्याने मोडतो, नाहीतर त्याच्याच दोन भागांची वाढ वेगळी झाल्याने. जाड काचेच्या भांड्यात उकळतं पाणी ओतलं की आतला थर लगेच वाढतो, बाहेरच्यापर्यंत उष्णता पोहोचलेलीच नसते. बाहेरचा थर ताणला जातो आणि काच ताणाला फार कच्ची. पातळ काच त्यामानाने वाचते. बोरोसिलिकेट काच वाचते, कारण तिची वाढच थोडी. उलट काँक्रीट आणि पोलाद यांचं प्रसरण जवळजवळ सारखं आहे, हे आपलं भाग्य. ते निराळं असतं, तर उन्हात तापणाऱ्या स्लॅबमधली सळई काँक्रीटपासून सुटत गेली असती आणि आजची शहरं या रीतीने उभी राहिलीच नसती.

सगळ्यात अवघड प्रसंग येतो तो मोजणाऱ्याचा. मोजपट्टीच वाढत असेल तर मोजायचं कशाने? हा प्रश्न भारताच्या भूमीवर फार मोठ्या प्रमाणात उभा राहिला. १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजली. पुढच्या महासर्वेक्षणातले त्रिकोण अशाच रेषांवर उभे राहायचे होते. त्याच्याकडे शंभर फुटांची पोलादी साखळी होती. एका अंशाला ती सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. पण तीच साखळी साडेसात मैलांत चारशे वेळा टाकायची; म्हणजे तापमान एका अंशाने चुकलं, तर पायारेषा चौदा सेंटीमीटरने चुकणार. म्हणून साखळी लाकडी पन्हळींत ठेवत, वर तंबूची सावली धरत आणि पन्हळींत ठेवलेल्या तापमापकांची नोंद घेऊन प्रत्येक मोजमाप दुरुस्त करत. या एका रेषेला दीड महिन्याहून अधिक काळ लागला. लॅम्बटनने हे काम उत्तरेकडे नेत नेत आयुष्य घालवलं आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. हिंगणघाटच्या उन्हाची ख्याती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या साखळीची चिंता वेगळी सांगायला नको.

त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने दुरुस्तीचा हिशेब टाळणारं साधन आणलं. टॉमस कॉल्बीने आयर्लंडच्या सर्वेक्षणासाठी तयार केलेल्या या दहा फुटी दांड्या होत्या. एक दांडी लोखंडाची, शेजारी एक पितळेची, दोन्ही मध्यावर एकमेकींना जोडलेल्या. टोकांना आडवी जीभ, दोन्ही दांड्यांना खिळीवर बसवलेली आणि लोखंडाच्या बाजूने बाहेर आलेली. तापलं की दोन्ही दांड्या वाढतात, पण पितळ जास्त. त्यामुळे जीभ तिरपी होते. लोखंड आणि पितळ यांच्या वाढीचं प्रमाण साधारण तीनास पाच. जिभेवरचा जो बिंदू लोखंडी दांडीपासून तीन भाग आणि पितळीपासून पाच भाग अंतरावर असतो, तो जागचा हलतच नाही. दोन टोकांच्या अशा दोन बिंदूंमधलं अंतर ऊन-सावलीत तेच राहतं. या दांड्यांनी १८३० च्या दशकात कलकत्त्याजवळ आणि डेहराडूनला पायारेषा मोजल्या गेल्या. अडचण एकच राहिली: पितळ आणि लोखंड एकाच वेगाने तापत किंवा निवत नाहीत, त्यामुळे ऊन झपाट्याने बदललं की जीभ काही काळ खोटं बोलते.

घड्याळजींनी हीच युक्ती शंभर वर्षं आधी केली होती. पोलादी दांड्याचा सेकंदाचा लंबक एका अंशाने तापला की दिवसाला अर्धा सेकंद मागे पडतो. जॉन हॅरिसनने पोलाद आणि पितळेच्या सळया आलटून-पालटून लावून एकीची वाढ दुसरीने खोडली. घड्याळजीच्या घरात वाढलेल्या एका स्विस माणसाने मात्र वेगळा विचार केला. दोन धातूंची भांडणं लावण्यापेक्षा न वाढणारा धातूच मिळाला तर? शार्ल एदुआर गिय्योम पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या आंतरराष्ट्रीय वजन-माप संस्थेत काम करत होता. १८९६ साली त्याला ३६ टक्के निकेल घातलेल्या लोखंडात तो सापडला. या मिश्रधातूचं, इनव्हारचं, प्रसरण पोलादाच्या सुमारे एक दशांश. १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला निकेल-पोलादांवरच्या या कामासाठी मिळालं. सर्वेक्षणाच्या तारा आणि लंबक मग इनव्हारचे होऊ लागले.

इनव्हारचे अणू थरथरत नाहीत असं नाही. तेही इतरांसारखेच दूर सरतात. पण या मिश्रणात लोखंडाच्या चुंबकत्वामुळे पदार्थ मुळातच थोडा फुगलेला असतो; तापवलं की चुंबकत्व कमी होतं, तो फुगवटा ओसरतो आणि एकीकडची वाढ दुसरीकडच्या घटीत जवळपास फिटते. अडीचशे अंशांच्या आसपास चुंबकत्व संपलं की इनव्हार चारचौघांसारखा वाढू लागतो. थंडीच्या बाजूला मात्र तो बराच खालपर्यंत साथ देतो. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांना जहाजांतून नेतात. साध्या पोलादाची ४० मीटरची भिंत इतक्या थंडीत सात-आठ सेंटीमीटर आखडेल आणि जोडांवर फाटेल. इनव्हारची आखडते एक सेंटीमीटरच्या आसपास. म्हणून अनेक जहाजांच्या टाक्यांना आतून इनव्हारच्या ०.७ मिलिमीटर पत्र्याचं सपाट अस्तर जोडलेलं असतं. ज्या टाक्यांना स्टेनलेस स्टीलचं अस्तर वापरतात, त्यांच्या पत्र्याला उभ्या-आडव्या वळ्या पाडाव्या लागतात, आणि सगळं आकुंचन त्या वळ्यांच्या उलगडण्यात जातं.